रक्त जुळवायचं आहे

आमच्याकडं एक जुनी रीत आहे. लपवायचा आजार झाला की पांढुर्ण्याचा माणूस सौंसरच्या दवाखान्यात जातो आणि सौंसरचा पांढुर्ण्याच्या. दोघांनाही वाटतं, तिथं आपल्याला कोण ओळखतं! आणि बसमध्ये चढून पाहतो तर शेजारच्या सीटवर आपल्याच गल्लीतली काकू. मी रोज त्या बसनं जायचे. घर पांढुर्ण्यात आणि नोकरी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात, नर्सची. ऐंशीनंतरची ती चार-पाच वर्षं. मला पाहून कितीतरी माणसं खिडकीकडं तोंड फिरवायची, मग मीही डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. सुई मारायला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, न पाहिल्यासारखं करायला कोणी शिकवत नाही. ते मी त्या बसमध्ये शिकले.

तोंड मात्र माझं तिखट. माझी सासू म्हणायची, "ही भांडायले बसली त गाव गोळा करन, पण कोणाचं गुपित हिच्या तोंडून निघायचं नाही." सासूनं माझी केलेली ही एवढीच तारीफ, म्हणून जपून ठेवली आहे. आणि एकदा माझ्याच हातून ती खोटी पडता पडता राहिली.

श्रावणात एक पोरगी आली. सौंसरजवळच्या बोरगावचं माहेर, पांढुर्ण्याचं सासर, वय असेल एकवीस-बावीस. सातवा लागलेला. सोबत आई. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, सासरी, म्हणून या खेपेला आईनं हट्ट करून तिला लवकर आणली होती. आमचे डॉक्टरसाहेब हिंदीवाले, बाहेरून बदलीवर आलेले. त्यांनी पहिल्या लेकराची हकीगत ऐकली आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांखाली आणखी एक लिहिली. तिचं नाव इंग्रजी चार अक्षरांचं. ती ज्या रोगाची, त्याला आमच्याकडं गरमी म्हणतात, आणि तेही कुजबुजत. बाहेरख्याली माणसाचा रोग.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, तिला दर आठवड्याला एक अशा तीन सुया. पोटातलं लेकरू वाचवायचं तर आजपासूनच. आणि नवऱ्यालाही द्यायच्या, नाही तर ती इथून बरी होऊन जाईल आणि त्याच्याकडून परत तेच घेईल. "सिस्टर, पति को बुलवा लीजिए," म्हणाले आणि पुढचा पेशंट घेतला. बोलवा म्हणे! जसं काय दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्याला हाक मारायची होती.

आईला गोळ्यांच्या खिडकीपाशी रांगेत उभी केली आणि पोरीला सुईच्या खोलीत घेतली. दार लावलं. असल्या गोष्टी गोल गोल सांगितल्या की माणसाला जास्त भीती वाटते असा माझा अनुभव, म्हणून सरळ सांगितलं.

"म्हणजे माह्या रक्तात घाण हाय?"

"घाण नाही, रोग हाय. सुईनं जाते."

"पयलं लेकरू यानंच गेलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिचे डोळे असे माझ्यावर लागले होते की जीभ वळली नाही. "हव," म्हटलं, "यानंच गेलं असन."

ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, "मी त कुठीच जात नाही, बाई. घर अन् वावर, वावर अन् घर."

"मले माहीत हाय."

"आता कोणाकोणाले सांगान?"

मी म्हटलं, तू म्हणशील त्यालाच. तेव्हा ती बोलली आणि एका दमात बोलली. "मायले नको. सासूले त बिलकुल नको. पयलं गेलं तवापासून थे मले पांढऱ्या पायाची म्हणते. कोणाच्या बारशाले नेत नाही मले. शेजारणीच्या लेकराच्या पाळण्याले हात लावला त सगळ्याइसमोर हात झटकला माहा. हे कळलं त मले घरात ठेवन का थे? अन् माय तरी कुठवर ठेवन?"

"पण तुह्या नवऱ्याले सांगाच लागन, पोरी."

"त्याइलेच सांगा. फक्त त्याइले." तिनं माझा हात ओढला आणि पोटावर ठेवला. "याची शपथ घ्या."

मी शपथ घेतली. आतून लेकरानं लाथ मारली, चांगली जोरात. याला जगवायचं, आणि याच्या आईचं घर मोडू द्यायचं नाही, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

नवऱ्याचं नाव विचारलं तर गप्प. रजिस्टरातला रकाना रिकामाच होता, कारण नाव तीही घेणार नाही आणि तिची आई जावयाचं नाव घेणार नाही. शेवटी तिनं माझ्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढलं. चार अक्षरं काढायला तिला एवढा वेळ लागला की आई गोळ्या घेऊन परत आली.

आता त्याला गाठायचं कसं? त्यांची गल्ली माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. पण नर्स कोणाच्या दारात उभी राहिली की अख्खी गल्ली दारात येते: कोण बिमार हाय, काय झालं, कवापासून? आणि रस्त्यात परक्या पुरुषाला थांबवून बोलले असते तर संध्याकाळी माझ्याच नवऱ्याला पानठेल्यावर चार लोकांनी सांगितलं असतं. म्हणून मी पत्र लिहिलं. आंतर्देशीय, त्याच्या नावानं. "आपल्या पत्नीच्या तब्येतीसंबंधी जरुरीचे बोलणे आहे. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब एकट्याने येणे. कोणास सांगू नये." रोगाचं नाव नाही, काही नाही. कडा चिकटवल्या, वरून भाताची शितं लावून आणखी पक्क्या केल्या. स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. मूर्ख बाई!

आमच्याकडं पत्र कधी एका माणसाचं असतं का? वर नाव कोणाचंही असो, पत्र घराचं. पोस्टमन अंगणात टाकतो, घरातला मोठा फोडतो, शाळेत शिकणारी पोर मोठ्यानं वाचते आणि शेजारीण भिंतीपलीकडून ऐकते. माझ्या घरीही तेच. माझ्या नवऱ्याच्या बदलीचा हुकूम माझ्याआधी दूधवाल्याला कळला होता. हे सगळं डोळ्यांसमोर असून मी तसलं पत्र लिहिलं. आणि वर "ताबडतोब" आणि "कोणास सांगू नये". दवाखान्यातून असं पत्र आलं तर आमच्या माणसाला त्याचा एकच अर्थ कळतो, माणूस गेलं.

तिच्या दुसऱ्या सुईचा दिवस होता. आई आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. दहाच्या बसनं सहा माणसं उतरली आणि फाटकापासूनच रडणं सुरू झालं. पुढं सासू छाती पिटत, मागं सासरा, मोठा दीर, जाऊ, एक शेजारीण आणि सगळ्यांच्या मागं तो, चप्पल हातात घेतलेला, तोंडाचा रंग उडालेला. सासू व्हरांड्यात चढली आणि समोर सून बसलेली पाहिली. रडणं मधेच तुटलं.

"जित्ती हाय?"

"हाय ना," पोरीची आई म्हणाली. "काहून? काय झालं?"

"मंग पत्र कायले लिवलं?" सासूचं दुःख गेलं आणि राग आला, आणि खरं सांगते, तो राग रास्तच होता. दिरानं खिशातून माझं पत्र काढलं आणि हवेत धरलं. "हे कोणं लिवलं? कोणास सांगू नये, असं काय हाय थे? आमच्यापासून लपवाचं काय हाय हिच्यात?"

बाहेरच्या रांगेतली माणसंही गोळा झाली. दवाखान्यात दुसऱ्याचं दुखणं ऐकायला लोक आपलं दुखणं विसरतात. मी दारात, सुईचा ट्रे हातात. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. हात पोटावर ठेवला. मी घेतलेली शपथ माझ्याच अक्षरात त्या माणसाच्या हातात फडफडत होती.

"मी लिवलं," म्हटलं. "रक्त जुळवायचं हाय."

हे कुठून आलं ते देव जाणे. पण आलं.

"कोणाचं रक्त?"

"बापाचं. मायचं अन् बापाचं रक्त जुळलं नाही त कधी कधी लेकरू पोटात टिकत नाही. पयलं त्यानंच गेलं असन. त्याचं रक्त पाहा लागते."

"माह्या पोराचं रक्त?" सासू उसळली. "त्याच्या रक्ताले काय धाड भरली? रोज चार भाकरी खाते थो!"

"खाऊ द्या ना मायबाई, भाकरी मी मोजून राहिली का?"

"मंग एकट्यानं ये, असं काहून लिवलं?" दीर काही सोडेना.

"एका माणसाच्या बोटभर रक्तासाठी सहा जणाइचं तिकीट कायले खर्चायचं, म्हणून लिवलं! अन् कोणाले सांगू नका असं लिवलं त तुमी अख्खी गल्ली घेऊन आले. सांगा असं लिवलं असतं त बँडबाजा आणला असता का?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. शेजारीणही हसली. गाठ जरा सैल झाली असं मला वाटलं आणि तेवढ्यात सासूनं शांतपणे विचारलं, "अन् नाहीच जुळलं त? दुसरी पाहा लागन का मंग?"

एक आग विझवायला गेले आणि दुसरी लावून बसले. पोरीच्या आईच्या हातातली पिशवी खाली पडली. पोरगी मात्र तशीच बसली होती, जसं काय हा प्रश्न तिनं आधीच शंभर वेळा ऐकला होता.

"जुळवता येते," मी घाईनं म्हटलं. "सुईनं जुळवता येते. दोघाइले. दुसरी-तिसरी काही लागत नाही." आणि कोणी आणखी काही विचारायच्या आत त्याला दंडाला धरून रक्त काढायच्या खोलीत ढकललं.

ती खोली म्हणजे व्हरांड्याचाच एक कोपरा, मधे पातळ प्लायवुडचं दार. दाराच्या पलीकडं सासू बसली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आत येत होता. तो संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं कामाला होता. बगीच्यात माल तोडून घ्यायचा, पेट्या भरायच्या, ट्रकवर बसून लांबच्या मंडीत जायचं आणि माल विकून परत यायचं. दिसायला गरीब, मिशी नुकतीच नीट आलेली. मी त्याच्या दंडाला रबर बांधता बांधता हळूच सगळं सांगितलं. बायकोच्या रक्तात काय निघालं, त्यानं लेकराचं काय होतं, आणि त्याला काय करायचं आहे.

तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "मले काहीच नाही. मी ठणठणीत हाय."

"दोन-तीन वर्षाखाली एक फोड आला होता. दुखत नव्हता. आपोआप गेला. हव का नाही?"

त्याचा चेहरा पांढरा झाला. "हे तुमाले कोणं सांगितलं?"

"रोगाची चालच तशी हाय, भाऊ. कोणं सांगाले कायले पायजे?"

त्यानं दाराकडं पाहिलं. आणि मग जे बोलला त्यानं माझं डोकं फिरलं. "मंग तिच्याकडूनच आलं असन. बोरगावात तिचं काय होतं काय नाही, मले काय माहीत?"

आयुष्यात मी पुष्कळ भांडले आहे, पण एवढं भांडण कुजबुजत कधी केलं नव्हतं. गळ्याच्या शिरा फुगल्या आणि आवाज मात्र माशीएवढा. "लाज नाही वाटत? फोड तुले आला का तिले? मंडीत तू गेला का थे गेली? तुह्या पापानं एक लेकरू गेलं, अन् तिनं दोन वर्षं तुह्या मायचे टोमणे खाल्ले, अन् तुह्या तोंडून चकार शब्द नाही निघाला. अन् आता तिच्यावरच ढकलून राहिला?"

"बाई, झालं का?" बाहेरून सासू.

"होऊन राहिलं!" मी मोठ्यानं, गोड आवाजात.

तो खाली मान घालून बसला. रक्त काढून झालं तरी दंड तसाच पुढं. मग म्हणाला, "सुई आता नको. थे सुई लय दुखते म्हणते. लंगडत बाहेर निघालो त भाऊ विचारन ना, रक्त काढलं हाताचं अन् लंगडते काहून? पांढुर्ण्यात एकाले जरी कळलं त धाकट्या बहिणीचं जमलेलं लगन मोडन. मी सुई घेतच नाही."

तेही खरंच होतं. त्या सुईनं माणूस दोन दिवस पाय ओढतो. मी विचार केला आणि मला पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्ण्याचे लोक आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे, आणि दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. डोकी फुटतात, आणि आमच्यासारख्या आजूबाजूच्या नर्सांची काठावरच्या तंबूत ड्युटी लागते.

"गोटमारीत मी तंबूत हाय," म्हटलं. "पांढुर्ण्याच्या बाजूनं. त्या दिवशी कोणाले सुई लागली अन् काहून लागली, कोणी विचारत नाही. ये."

तो उठला आणि गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बाहेर जाऊन आईला एवढंच म्हणाला, "पाहून राहिले रक्त." बायकोकडं त्यानं पाहिलंही नाही.

पुढचे आठ दिवस मी पोळ्याचे दिवस मोजत होते. त्याचं रक्तही पॉझिटिव्ह आलं. बसमध्ये त्यांच्या गल्लीतली एक बाई दुसरीला सांगत होती, "सुनेचं रक्त जुळत नाही म्हणते. पयलेच म्हणत होती सासू, पोरगीच खराब हाय." मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते. रक्त दोघांचं जुळवायचं असं मी बोलले होते, पण गल्लीत पोचेपर्यंत ते एकटीचं झालं होतं. मी जे खोटं तिला झाकायला बोलले, तेच तिच्या अंगावर टाकलं गेलं. तोंड उघडून सांगावंसं वाटलं की बायांनो, खराबी कोणाच्या रक्तात आहे ते विचारा मला. पण शपथ होती. स्वतःचाच एवढा राग मला कधी आला नव्हता.

तिसऱ्या सुईला पोरगी आली. सुई टोचताना तिनं भिंतीकडं तोंड करून विचारलं, "आले का ते?"

"नाही अजून."

"नाही आले त मी सासरी जाऊ का नको?"

बोळा दाबून धरला आणि उगाच जास्त वेळ दाबत राहिले.

गोटमारीचा दिवस उजाडला. तंबूत सकाळपासून रांग. कोणाचं कपाळ, कोणाचा कान, कोणाची बोटं. वर ढोल वाजताहेत, झाडावरचा झेंडा कोणी तोडतो का म्हणून ओरडा, आणि आम्ही टाके घालतोय, धनुर्वाताची सुई मारतोय, पुढचा. माझ्या पिशवीत त्याच्या सुईची एक वेगळी बाटली होती. दर वेळी पडदा हलला की मी वर पाहायचे. बारा वाजले, दोन वाजले, साडेतीन. माझ्या मनात आलं, गेला हा. आता त्या पोरीला याच्याकडून परत तेच होणार, आणि आज ना उद्या दुसरं लेकरूही जाणार.

चारच्या सुमारास दीर त्याला बखोटीला धरून घेऊन आला. डाव्या भुवईवरून कपाळ फाटलेलं, सदरा रक्तानं भिजलेला.

"पाहा हो बाई या येड्याले!" दीर ओरडत होता. "आमच्या घरात आजवर हा कधी गोटमारीत उतरला नाही. आज उतरला अन् नुसता उभा! गोटा मारत नाही, वाचवत नाही. नदीत मधात जाऊन खांबावाणी उभा राहिला!"

त्याला बाकावर झोपवला. दिराला पाणी आणायला पाठवला. टाके घालायला वाकले आणि दातओठ खात विचारलं, "अरे येड्या, मी तुले सुईले बोलावलं होतं, मराले नाही! असाच काहून नाही आला?"

त्यानं डोळे उघडले. "जखमेबिगर तंबूत कोण येते, बाई?"

माझी सुई हातातच राहिली. अख्खा बेत मी आखला होता आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तंबूबाहेर गल्लीतले दहा लोक उभे, धडधाकट माणूस आत आला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून तो सकाळपासून नदीत उभा राहून एका गोट्याची वाट पाहत होता.

त्या औषधाची आधी हातावर थोडीशी टोचून परीक्षा घ्यावी लागते आणि अर्धा तास थांबावं लागतं. एवढा लांब अर्धा तास मी दुसरा पाहिला नाही. दीर तीनदा आत आला. "टाके झाले ना? मंग काहून थांबवून ठेवलं?" मी म्हटलं, "नदीची माती गेली आतमधी. दोन सुया लागन. जाऊन बसा बाहेर, गर्दी करू नका!" दर वेळी माझा आवाज चढत होता.

तो वर तंबूच्या कापडाकडं पाहत पडला होता. अचानक म्हणाला, "बाई, तिकडं मंडीत जे होती, तिले कोण सांगन?"

"नाव माहीत हाय?"

"नाही."

"पत्ता?"

त्यानं मान हलवली. मघापर्यंत त्याच्यावर जो राग होता तो एकदम उतरला आणि मला नुसतं वाईट वाटलं, त्याचं आणि त्या न पाहिलेल्या बाईचंही.

हातावर काही उठलं नाही. पडदा ओढून मी त्याला पालथं केलं आणि सुई दिली. बाहेर निघताना तो पाय ओढत निघाला तर दीर म्हणाला, "गोटा लागला कपाळाले अन् लंगडते पायानं!"

"कमरेलेही लागला ना!" मी आतून ओरडले. "तुमी काय मोजत होते का गोटे?"

पुढच्या दोन सुया त्यानं सौंसरला येऊन घेतल्या, टाके दाखवायच्या नावानं. आणि दसरा झाल्यावर आठेक दिवसांनी आमच्याच दवाखान्यात ती बाळंत झाली. पोरगी झाली. रडली अशी की डॉक्टरसाहेब त्यांच्या खोलीतून उठून आले. त्यांनी तिला उलटसुलट तपासलं आणि म्हणाले, "सब ठीक है." मी त्या दिवशी दोन वेळा हात धुवायच्या नावानं नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

बारसं बोरगावला होतं आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. ओसरीवर पाळणा टांगलेला, बायका दाटीवाटीनं, पुरुष अंगणात चहा पीत. लेकराची आई भिंतीला टेकून कोपऱ्यात बसली होती आणि पाळण्याची दोरी आत्याच्या हातात होती. सासूनंच ठरवलं होतं तसं. मला पाहून ती मोठ्यानं म्हणाली, "या बाईचे उपकार! हिचं रक्त जुळवून देल्लं, नाही त ही पांढऱ्या पायाची, हेही लेकरू खाल्लं असतं हिनं." बायकांनी माना हलवल्या. पोरीनं मान खाली घातली. माझे कान तापले. ओठावर आलेलं मी कसं गिळलं ते माझं मला माहीत.

तेवढ्यात अंगणातून तो ओसरीच्या पायरीवर आला. बारशाच्या बायकांमधे पुरुष येत नाही, म्हणून सगळ्या एकदम गप्प झाल्या. भुवईवरची खूण अजून लाल होती. हातात चहाची बशी.

"माय," तो म्हणाला, "हिचं रक्त चांगलंच होतं. खराबी माह्या रक्तात होती. पयलं लेकरू माह्यानं गेलं. बाईले विचार."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हव," मी म्हटलं. "त्याचंच रक्त जुळत नव्हतं."

सासूचं तोंड उघडं ते उघडंच. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला आणि चहा सांडत परत अंगणात गेला. मग कोपऱ्यातून पोरगी उठली. बायकांमधून वाट काढत पाळण्यापाशी आली आणि नणंदेच्या हातातून दोरी घेतली. सासूनं हात पुढं केला, मला वाटलं झटकते की काय आता. पण तिनं पाळण्यातलं दुपटं नीट केलं आणि बाजूला सरकून सुनेला बसायला जागा दिली.

मी पदर तोंडाला लावून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. शेजारची एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काय झालं वो, तुमचंही गेलं होतं का एखादं?" मी नाही म्हटलं नाही.